जपानहून आलेली हायब्रिड (ॲक्वा, प्रियस): मोठी बॅटरी बदलायच्या आधी काय काय तपासायचं?

पांढरा_ढग

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडमध्ये आपल्या लोकांकडे जपानहून आलेल्या वापरलेल्या हायब्रिड गाड्या खूप आहेत. त्यामुळे या प्रश्नाचा उपयोग बऱ्याच जणांना होईल.

गाडी: टोयोटा ॲक्वा, एनएचपी१० (मॉडेलचा कोड), २०१३ ची, १ लाख ६२ हजार किमी. मुक्काम ऑकलंड.

लक्षणं अशी. मोटरवेवर बॉम्बे हिल्सचा चढ लागला की मागच्या सीटखालून पंख्याची घरघर सुरू होते आणि बराच वेळ थांबत नाही. पडद्यावरचे बॅटरीचे दांडे चार-पाच मिनिटांत पूर्ण भरतात आणि दोन सिग्नलांत निम्म्यावर येतात. पेट्रोल लिटरला २१-२२ किमीवरून १८ वर आलं आहे. इशाऱ्याचा एकही दिवा लागलेला नाही.

गॅरेजवाल्याने पाच मिनिटं बघून "पॅक (म्हणजे मोठी बॅटरी) गेलाय, बदला" असं सांगितलं. बदलायचा असेल तर बदलू, पण त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? कुठल्या क्रमाने?

वायरमन

दिवा लागलेला नसताना, एकही आकडा न मोजता पॅक बदलायला सांगणं चुकीचं आहे. तुमची तिन्ही लक्षणं एका साध्या कारणाने येऊ शकतात: पॅकला हवा पुरत नाही.

ॲक्वाचा पॅक निकेल-मेटल हायड्राइडचा. २० मॉड्यूल, प्रत्येकात ६ सेल, म्हणजे १२० सेल आणि १४४ व्होल्ट. तो मागच्या सीटखाली बसतो आणि गाडीच्या आतल्या हवेनेच थंड होतो. सीटच्या खालच्या भागात प्लास्टिकची जाळी दिसेल, तिथून पंखा हवा ओढतो. त्याबरोबर गालिच्याचे तंतू, कुत्र्याचे केस, लहान मुलांच्या बिस्किटांचा चुरा असं सगळं आत जातं. बऱ्याच जुन्या गाड्यांत जाळीमागे बारीक गाळणी नसतेच, त्यामुळे हा कचरा थेट पंख्याच्या पात्यांवर बसतो. पाती खारीच्या पिंजऱ्यासारखी गोलाकार आणि एकमेकींना खेटून असतात. दोन पात्यांमधली फट बुजली की पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा पुढे जात नाही. नुसता आवाज वाढतो.

पॅक तापला की संगणक त्याचं घेणं-देणं कमी करतो, मग इंजिन जास्त चालतं आणि पेट्रोल वाढतं. सेल वर्षानुवर्षं गरम राहिले तर त्यांची साठवण घटते, आणि दांडे झरझर चढण्या-उतरण्यामागे तेच असतं. म्हणजे पंख्याकडे दुर्लक्ष झालं की बॅटरी खरोखरच मरते, पण हळूहळू. तुमची गाडी या वाटेवर कुठे पोचली आहे ते मोजून ठरवायला हवं.

काम असं करा. गाडी बंद, चावी गाडीपासून लांब. सीटच्या बसायच्या भागाची पुढची कड दोन्ही बाजूंनी सरळ वर उचला, क्लिपा 'टक' करून सुटतात. मग गादी पुढे ओढून बाहेर काढा. १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची ऋण तार १० च्या पान्याने सोडा. जाळी बोटांनी ओढली की निघते. हवेची नळी बाजूला केली की टॉर्चच्या उजेडात पाती दिसतील. पातींवर राखाडी नमद्यासारखा थर असेल तर पंखा उतरवा. त्याचे बोल्ट आणि एक छोटा कनेक्टर, एवढंच आहे. जुन्या मऊ टूथब्रशने एकेक पातं साफ करायचं आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. पाणी लावायचं नाही. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर पंखा त्या हवेने भन्नाट वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग बिघडतं.

नारिंगी रंगाच्या कुठल्याही वायरला हात लावायचा नाही. पंखा काढायला त्याची गरजच पडत नाही.

अजिंक्यतारा

बॉम्बे हिल्सचा चढ तो काय, आपल्या खंबाटकीला नेली असती तर बॅटरीने हात जोडले असते :)

नटबोल्ट

वायरमन यांच्याशी थोडा असहमत. पहिली तपासणी १२ व्होल्टच्या बॅटरीची. हायब्रिडमध्ये स्टार्टर नसतो, त्यामुळे ही बॅटरी अर्धमेली झाली तरी गाडी चालू होत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. बरेच "हायब्रिड बिघाड" तिथेच सापडतात.

रात्रभर उभ्या गाडीवर, दार उघडून दहा मिनिटं थांबून मल्टिमीटर लावा. १२.५ च्या वर असेल तर ठीक. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा बघा, आणि ११.८ दिसले तर नवीन घ्या. मग गाडी 'रेडी' (चालू, निघायला तयार) करून मोजा: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. तेवढं आलं तर डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून छोटी भरणारा) बरा आहे.

नवी घेताना बॅटरीवरचा आकार वाचून घ्या, ॲक्वात साधारण एस३४बी२०आर असते. ती गाडीच्या आत बसते, म्हणून वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच हवी. दुकानदार बॉनेटखालची साधी बॅटरी स्वस्तात देऊ करतात, ती घेऊ नका. तिचा वायू तुमच्या मुलांच्या सीटखाली साठेल.

वायरमन

@नटबोल्ट, तपासणी बरोबर आहे आणि फुकटात होते, त्यामुळे जरूर करावी. पण १२ व्होल्टचं दुखणं वेगळं दिसतं: एकाच वेळी एबीएस, स्टिअरिंग, इंजिन असे चार-पाच दिवे लागतात, 'रेडी' येत नाही, घड्याळ शून्यावर जातं. पांढरा_ढग यांच्याकडे यातलं काहीच नाही. त्यांच्याकडे पॅक भरण्या-उतरण्याचा वेग बदललाय, तो १२ व्होल्टमुळे बदलत नाही.

मीठभाकर

दोघांचंही करून झालं की आकडे वाचा. आकडे वाचल्याशिवाय बॅटरीबद्दल कोणी काही सांगितलं तर तो अंदाज समजा.

ब्लूटूथवर चालणारा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) आणि फोनवर 'डॉक्टर प्रियस' किंवा 'हायब्रिड असिस्टंट' ॲप. संगणक एकेक मॉड्यूल मोजत नाही, दोन-दोनच्या जोड्या मोजतो. ॲक्वात अशा १०, प्रियस ३० (तिसऱ्या पिढीची) मध्ये २८ मॉड्यूलच्या १४. एका जोडीत १२ सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे १४.४. आता एक सेल मेला तर ती जोडी १.२ व्होल्टने खाली येते. पी०ए८० कोड (पॅक खराब असल्याचा संगणकाचा इशारा) साधारण एवढ्याच फरकावर का येतो, ते यावरून कळतं: त्या जोडीतला एक सेल मेलाय असं संगणक म्हणतोय.

चाचणी अशी घ्या. गाडी वीस मिनिटं चालवून गरम करा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर शेजारच्याला फोन धरायला सांगा. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही.

आधी गाडी उभी, 'रेडी'त, एसी बंद: सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या जोडीतला फरक लिहा. ०.१-०.२ उत्तम.

मग पाच-सहा सेकंद जोरात ॲक्सिलरेटर. सगळ्या जोड्या खाली येतील. कुठली सर्वांत जास्त पडते ते लिहा.

मग लांबून, हळूहळू ब्रेक. सगळ्या वर जातील. कुठली सर्वांत जास्त उसळते?

दुबळी जोडी दोन्हीकडे पहिली असते: देताना सर्वांत आधी पडते, घेताना सर्वांत आधी चढते. साठवणच कमी, त्यामुळे लवकर रिकामी आणि लवकर भरलेली. दोन्ही वेळा तोच क्रमांक आला तर तो लक्षात ठेवा. लोडवर फरक ०.३ च्या आत असेल तर पॅक छान आहे. ०.५-०.६ असेल तर म्हातारा, पण चालेल. १ च्या पुढे गेला तर दिवा जवळ आला.

त्याच ॲपमध्ये पॅकच्या तापमानाचे तीन आकडे दिसतात. ते बॉम्बे हिल्सच्या माथ्यावर नोंदवा. ४० च्या आत हवेत. ४५ च्या पुढे गेले तर हवा अडलेली आहे.

तिखट_जिलबी

एक जोडी दुबळी सापडली तर तेवढी दोन मॉड्यूल बदलून टाकायची ना? वापरलेली मॉड्यूल सुटी मिळतात. अख्ख्या पॅकचा खर्च कशाला?

मीठभाकर

@तिखट_जिलबी, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो मुळीच पटत नाही.

सगळी मॉड्यूल एकाच वयाची, एका माळेत ओवलेली. एकाने मान टाकली तेव्हा शेजारची चारही दमलेलीच असतात, विशेषतः मधली. मधल्या मॉड्यूलना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची उष्णता मिळते. त्या माळेत वेगळ्या क्षमतेचं मॉड्यूल घातलं की माळेचा तोल आणखी बिघडतो. तीन-चार महिन्यांत पुढचं जातं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक वेळी सीट काढा, पॅक उतरवा, झाकण उघडा. मजुरीतच नव्या पॅकचे पैसे जातात.

एकच अपवाद: पॅक जेमतेम ५-६ वर्षांचा, आणि एखाद्या मॉड्यूललाच गळती लागलेली. तेव्हा बदलावं, तेही सर्व मॉड्यूलची साठवण मोजून, जुळणारं निवडून. ज्याच्याकडे मॉड्यूल चार्ज-डिस्चार्ज करायचं यंत्र नाही त्याने 'रिफर्बिश्ड' पॅक दिला तर नको म्हणा. तो फक्त पुसून रंगवलेला असतो. विक्रेत्याकडून प्रत्येक मॉड्यूलच्या मिलीॲम्पिअर-तासांचा तक्ता मागा. नव्याचा आकडा ६५००. ज्याच्याकडे तक्ता आहे तो लगेच काढून दाखवतो.

वायरमन

मीठभाकर यांना पूर्ण अनुमोदन, आणि एक भर. फरक जास्त दिसला तरी सेल मेलेलेच असतील असं नाही. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या-काळ्या पडतात, समुद्राजवळच्या गाड्यांत जरा जास्तच. गंजलेल्या पट्टीने खोटा आकडा येतो. पट्ट्या घासून, नट योग्य ताणाने आवळून कितीतरी "मेलेले" पॅक उठून बसलेत. प्रियसच्या मॉड्यूलच्या नटाला फक्त ५.४ न्यूटन-मीटर ताण लागतो. अंदाजाने आवळाल तर आतला खिळा तुटेल आणि मॉड्यूल वाया जाईल.

पण हे काम पॅकचं झाकण उघडूनच होतं, आणि झाकण उघडणं ज्याने शिकून घेतलंय त्यानेच करावं. नारिंगी सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवायचा, मग निदान १० मिनिटं थांबायचं. इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या यंत्रातले) वीज साठवणारे कपॅसिटर तोवर भरलेले असतात, आणि तिथे १४४ चे वाढवून ५२० व्होल्टपर्यंत जातात, प्रियस ३० मध्ये ६५०. हातात १००० व्होल्टचे रबरी मोजे, घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा सुटत नाही ना हे बघून. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. आणि एक लक्षात घ्या: प्लग काढल्यावरही मॉड्यूलच्या आतली वीज तिथेच असते. प्लगमुळे फक्त माळ मधोमध तुटते.

सह्यकडा

थोडं अवांतर. गाडी चालू केली की एक जपानी बाई दरवेळी काहीतरी नम्रपणे सांगते. घरात सगळे तिला "मावशी" म्हणतात. ती काय म्हणते आणि गप्प कशी करायची?

नटबोल्ट

@सह्यकडा, मावशी म्हणतात "ईटीसी कार्ड घातलेलं नाही". ईटीसी म्हणजे जपानच्या टोलचं यंत्र. आपल्याकडच्या फास्टॅगसारखंच काम, पण कार्ड यंत्रात घालावं लागतं. न्यूझीलंडमध्ये त्याचा काही उपयोग नाही. स्टिअरिंगखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा असतो, त्याचा कनेक्टर काढला की झालं. तार कापू नका, काही गाड्यांत तिच्यातूनच दुसऱ्या यंत्रालाही वीज जाते.

रेडिओचंही सांगून टाकतो. जपानचं एफएम ७६ पासून ९० च्या आसपास, इथलं ८८ ते १०८. त्यामुळे इथली बहुतेक स्टेशनं लागत नाहीत. अँटेनाच्या तारेत बँड एक्स्पांडर बसवला तर आकडा चुकीचा दिसतो, पण स्टेशन लागतं. जपानी नकाशाचा पडदा इंग्रजीत बदलायच्या नादाला लागू नका. सरळ नवा हेड युनिट बसवा, आणि मागचा कॅमेरा त्याला जुळतो का ते आधी विचारून घ्या.

पांढरा_ढग

सर्वांचे आभार. शनिवारी सीट काढतो. दरम्यान एक प्रश्न: पंख्याची जाळी मागवायला गेलो तर पार्टवाला म्हणतो हा व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) सिस्टीममध्ये नाही.

मीठभाकर

तुम्ही त्याला '७एटी' ने सुरू होणारा १७ आकडी नंबर दिला असणार. तो नंबर जपानहून वापरलेली गाडी इथे आली की न्यूझीलंडमध्ये दिला जातो, टोयोटाला तो माहीत नसतो. जपानचा मूळ फ्रेम नंबर द्या: एनएचपी१०, मधे रेघ, पुढे सात आकडे. तो गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो, आणि चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेलचा पूर्ण कोड, रंग, गिअरबॉक्सचा कोडही मिळतो. रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) झालंय का हेसुद्धा जपानी संकेतस्थळावर याच नंबराने तपासायचं. होंडा फिट हायब्रिडवाल्यांनी (जीपी५, सात गिअरची दुहेरी क्लच) हे न चुकता करावं. त्या गाडीवर सॉफ्टवेअरचे रिकॉल अनेक वेळा झालेत. गाडी जपान सोडण्याआधी ते झाले होते की नाही, हे इथल्या कागदांवर दिसत नाही.

इंद्रायणी

फ्रेम नंबरवरून आठवलं. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली जपानी भाषेतले ऑइल बदलल्याचे छोटे स्टिकर असतात. ते बरेचदा तसेच राहतात, कारण विक्रेत्यांनाही ते वाचता येत नाहीत. किलोमीटरचा आकडा साध्या अंकांत असतो, साल मात्र सम्राटाच्या काळानुसार. हेइसेइ सालात १९८८ मिळवा: हेइसेइ २५ म्हणजे २०१३. रेइवा सालात २०१८ मिळवा: रेइवा २ म्हणजे २०२०. स्टिकरवर रेइवा २ ला ९८ हजार किमी लिहिलंय आणि विकताना मीटरवर ८१ हजार दाखवतोय, तर समजून जा. गाडी घेण्याआधी ही दोन मिनिटं द्याच. जपानमधल्या लिलावाचा मूळ कागदही मागा. त्यावर 'आर' किंवा 'आरए' शेरा असेल तर सांगाड्याची दुरुस्ती झालेली आहे.

कृष्णाकाठ

माझी प्रियस ३० (झेडव्हीडब्ल्यू३०, २०११). सकाळी थंडीत इंजिन सुरू झालं की १०-१५ सेकंद अख्खी गाडी खडखडते, मग शांत. कूलंटची टाकी तीन महिन्यांत अर्धा बोट उतरली, खाली थेंब नाही. हाही बॅटरीचाच प्रकार का?

वायरमन

@कृष्णाकाठ, नाही, आणि हे तुम्ही पांढरा_ढग यांच्यापेक्षा जास्त गांभीर्याने घ्या.

या १.८ लिटर इंजिनात (२झेडआर-एफएक्सई) धुराचा काही भाग थंड करून परत आत सोडतात. त्याला ईजीआर म्हणतात. त्याचा कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातली) चार बारीक भोकं काजळीने बुजतात. सगळी एकदम बुजत नाहीत, त्यामुळे एका सिलिंडरला धूर कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळतो. ज्याला कमी मिळतो तो जास्त तापतो, आणि शेवटी हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची सीलपट्टी) तिथे हार खाते. मग रात्री गाडी उभी असताना कूलंट थेंब-थेंब सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी खडखड होते. बाहेर गळती नाही आणि टाकी उतरतेय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गॅस्केट फुटू लागलीय असंच धरून चाला.

आधी खात्री करा. रात्री कूलंट प्रणालीला दाब देऊन ठेवा, सकाळी स्पार्क प्लग काढून बारीक कॅमेरा आत घाला. एखाद्या पिस्टनचा माथा धुतल्यासारखा चकचकीत आणि बाकीचे काळे दिसले तर उत्तर मिळालं. तोवर लांबचा प्रवास नको. रेडिएटरमध्ये ओतायच्या 'गळती-बंद' बाटल्या तर मुळीच नकोत. त्या हीटरचा कोर आणि पाण्याचा पंप दोन्ही चोंदवतात.

ज्यांच्या प्रियसला अजून हे झालेलं नाही त्यांनी दर ८०-१०० हजार किमीला ईजीआर साफ करावं. कूलर आणि मॅनिफोल्ड उतरवायचे. कूलर स्टीलचा असतो, म्हणून गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेट) घालून रात्रभर भिजवायचा, दोन-तीन वेळा पाणी बदलत. साफ झाल्याची खूण सोपी: एका तोंडातून ओतलेलं पाणी दुसरीकडून नळासारखं सरळ पडायला हवं. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा, त्यातली चार भोकं पाइप क्लीनर आणि कार्बोरेटर क्लीनरने. गॅस्केट सगळी नवी.

पुन्हा जोडल्यावर हवा काढायला इंजिन सलग चालू ठेवावं लागतं, आणि हायब्रिड ते आपणहून बंद करते. म्हणून 'मेंटेनन्स मोड': ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा, मग एका मिनिटाच्या आत 'पी' मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दोनदा, 'एन' मध्ये दोनदा, परत 'पी' मध्ये दोनदा, मग ब्रेक दाबून स्टार्ट. हीटर पूर्ण गरमवर. या अवस्थेत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, ट्रॅन्सअॅक्सल (हायब्रिडमधला गिअरबॉक्सच्या जागचा भाग) खराब होऊ शकतो.

कृष्णाकाठ

धन्यवाद. कॅमेऱ्याची सोय करतो आणि तोवर गाडी उभी ठेवतो.

देसी_बाळ्या

पुण्यातून विचारतो. अशी वापरलेली ॲक्वा इकडे मागवता येते का?

इंद्रायणी

@देसी_बाळ्या, कागदोपत्री येते, व्यवहारात परवडत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही आणि शुल्क शंभर टक्क्यांच्या वर जातं. पण इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा हायब्रिड या तुमच्याकडच्या गाड्यांच्या बॅटऱ्याही गाडीतल्या हवेनेच थंड होतात. हायक्रॉसमध्ये निकेल, बाकी दोघींत लिथियम. पुण्यातली धूळ इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येक सर्व्हिसिंगला बॅटरीच्या हवेची गाळणी साफ केली का, हे नाव घेऊन विचारा आणि समोर दाखवायला सांगा. सामान रचताना बॅटरीच्या हवेच्या तोंडावर पिशवी ठेवू नका.

नटबोल्ट

डिसेंबर जवळ आलाय म्हणून. महिनाभर देशात जाणाऱ्यांची गाडी परत आल्यावर हमखास मेलेली सापडते. आठवड्यातून एकदा कोणाला तरी अर्धा तास 'रेडी' करून ठेवायला सांगा. नुसतं ॲक्सेसरीवर ठेवलं तर बॅटरी आणखी उतरते. माणूस नसेल तर ऋण तार सोडून जा. ॲक्वात बॅटरी सीटखाली असते, चावीतली लोखंडी किल्ली वापरून दार उघडता येतं. प्रियस ३० मध्ये ती डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर, म्हणून तार सोडल्यावर डिकी पूर्ण बंद करू नका, नाहीतर मागच्या सीटवरून रांगत जावं लागेल.

जंप द्यायचा असेल तर बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाचा बिंदू आहे, धन तिथे, ऋण इंजिनाच्या उघड्या धातूला. उलटी तार क्षणभर जरी लागली तरी फ्यूजिबल लिंक आणि कधी कधी कन्व्हर्टर जातो. दोनदा बघून लावा.

इंद्रायणी

एसीबद्दल कोणीच लिहिलं नाही. हायब्रिडचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो, त्याची मोटर गॅस आणि तेलात बुडालेली असते. त्यात फक्त एनडी-११ जातीचं, वीज न वाहणारं तेल चालतं. साध्या गाड्यांचं पीएजी तेल थोडं जरी गेलं तरी इन्सुलेशन उतरतं, पी०एए६ कोड (मोठ्या बॅटरीची वीज गळत असल्याचा इशारा) येतो आणि गाडी 'रेडी' व्हायला नकार देते. गॅस भरणाऱ्याचं यंत्र आधी साध्या गाड्यांना वापरलं असेल तर त्याच्या नळ्यांतलं तेलही पुरतं. विचारल्याशिवाय गॅस भरू देऊ नका.

पांढरा_ढग

शनिवारचा अहवाल.

१२ व्होल्ट: उभ्या गाडीवर १२.६, 'रेडी'त १४.२. ठीक.

पंखा: टॉर्च मारला तर पाती दिसलीच नाहीत. राखाडी थर इतका घट्ट की ब्रशने आडवा खरवडल्यावर पट्टीसारखा सुटून आला, जुन्या स्वेटरचा तुकडा असावा तसा. त्यात एक जपानी टॉफीचा कागदही होता.

आकडे, बॉम्बे हिल्सच्या माथ्यावर. साफ करण्याआधी: तापमान ४६, ४९, ४७. साफ केल्यावर: ३७, ३९, ३८, दोन्ही दिवशी बाहेर साधारण सारखीच हवा. पंखा आता जेमतेम ऐकू येतो.

जोड्यांचा फरक: उभ्या गाडीत ०.२. जोरात ॲक्सिलरेटरवर ०.६, सर्वांत खाली ६ वी. ब्रेकवर ०.५, सर्वांत वर पुन्हा ६ वी.

आता पुढे काय?

मीठभाकर

फार छान नोंदी. ६ वी जोडी मधोमध, म्हणजे सर्वांत गरम जागी. अपेक्षित तेच. ती दमलीय, मेलेली नाही. पॅक बदलू नका.

आता महिनाभर नेहमीसारखी चालवा आणि याच रस्त्यावर हीच चाचणी पुन्हा घ्या. थंड राहिल्यामुळे फरक थोडा कमी होऊ शकतो. ०.६ च्या आसपास स्थिर राहिला तर दर तीन महिन्यांनी मोजत राहा. ०.९-१.० कडे सरकला तर दिवा लागायची वाट न बघता, सवडीने, तक्ता देणाऱ्याकडून पॅक ठरवा. रस्त्यात अडकल्यावर घाईत घेतलेला पॅक नेहमी महाग आणि वाईट निघतो.

पेट्रोल लगेच २२ वर येईल अशी अपेक्षा नको. माहितीपत्रकातले ३५.४ हे जपानी प्रयोगशाळेतले. हिवाळ्यात हीटरसाठीच इंजिन चालू राहतं. टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बघा, तिथे किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते, २३० म्हणजे ३३ पीएसआय.

वायरमन

सीट उघडीच असेल तर आणखी दोन गोष्टी उरका. गाडी 'रेडी' करून बॉनेट उघडा आणि इन्व्हर्टरच्या कूलंटच्या छोट्या टाकीत बघा. पाणी ढवळल्यासारखं हलताना दिसलं तर पंप चालू आहे. अगदी स्तब्ध असेल तर पंप गेलाय, आणि तो बदलणं इन्व्हर्टर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. ओतायचं कूलंट टोयोटाचं गुलाबी, तयार मिसळलेलं. त्यात नळाचं पाणी नको.

दुसरं, ट्रॅन्सअॅक्सलचं तेल. १ लाख ६० हजारांवर जपानमध्ये कोणी बदललं असण्याची शक्यता कमी. टोयोटा डब्ल्यूएस, चार लिटर आणून ठेवा. आधी भरायचं बूच सैल होतंय का ते बघा, मगच खालचं उघडा. वरचं जाम असेल आणि खालून तेल काढून टाकलं तर गाडी तिथेच अडकेल. सपाट जागेवर, भरायच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरायचं.

नटबोल्ट

आणि मागचे ड्रम ब्रेक उघडून बघा. हायब्रिडमध्ये बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे ब्रेक कमी झिजतात आणि खारट हवेत गंजून जाम होतात. वॉफच्या (न्यूझीलंडमधल्या गाडीच्या सक्तीच्या) तपासणीत पाडतात ते याच कारणाने.

पांढरा_ढग

इन्व्हर्टरच्या टाकीत पाणी हलतंय. भरायचं बूच जाम होतं, डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवलं, सकाळी सुटलं. तेल काळं नव्हतं, पण लालही उरलेलं नव्हतं. ड्रम पुढच्या शनिवारी. जाळी फ्रेम नंबरवरून मागवली, दोन आठवड्यांत येईल. महिन्याने याच धाग्यावर ६ व्या जोडीचे आकडे टाकतो.

सह्यकडा

इकडे मावशींचा कनेक्टर काढला. गाडीत एकदम सुनंसुनं वाटतंय, मुलं परत लावा म्हणताहेत.

नटबोल्ट

@सह्यकडा, म्हणूनच तार कापू नका म्हटलं होतं :)